जुन्या माणसाला काय द्यायचं? (सभापर्व, अध्याय ५)



आजचं वाचन महाभारतातलं. सभापर्व, अध्याय ५. मयाने बांधलेली सभा तयार झाली आहे, युधिष्ठिर इंद्रप्रस्थात स्थिरावला आहे, आणि नारदमुनी येतात. आशीर्वाद देऊन निघून जात नाहीत. प्रश्न विचारत बसतात, आणि ते संपता संपत नाहीत. बहुतेक प्रश्नांची सुरुवात 'कच्चित्' या शब्दाने होते. आपल्या भाषेत सांगायचं तर, 'असं करतोस ना रे?' रामायणातही अयोध्याकांडाच्या १००व्या सर्गात राम भरताला चित्रकूटावर जवळजवळ असेच प्रश्न विचारतो.

खरं सांगते, हा अध्याय मी आधी दोनदा सोडून दिला होता. वाटलं, राजाने काय करावं याची यादी आहे, आपल्याला काय उपयोग? द्यूत, वस्त्रहरण, पुढे सगळं नाट्य आहे, तिकडे पळावं. मग मागच्या वर्षीच्या अप्रेझलच्या दिवसांत तो वाचायची वेळ आली. त्याचीच ही गोष्ट.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. नऊ जणांची टीम. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी रेटिंग द्यायचं असतं आणि ते बेल कर्व्हमध्ये बसवायचं असतं. म्हणजे एक-दोन जण वरच्या खणात, बाकीचे मध्ये, आणि एक जण खालच्या खणात. तो एक असायलाच हवा. कुणी वाईट काम केलं नसेल तरी हवा. खालचं रेटिंग सलग दोनदा आलं की 'सुधारणा योजना' लागते, आणि तिचा अर्थ काय ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आमच्या टीममध्ये सगळ्यांत जुने जे आहेत त्यांना सगळे 'दादा' म्हणतात. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) या कंपनीत त्यांची सोळा वर्षं झाली. एक जुनी बिलिंग सिस्टीम आहे, ती ते सांभाळतात. तिच्यातली कुठली ओळ कशासाठी लिहिली गेली हे फक्त त्यांना माहीत आहे. नवीन काही शिकायला ते फार धावत नाहीत, मीटिंगमध्ये बोलत नाहीत, पण महिनाअखेरीला काही अडलं तर रात्री अकराला फोन उचलतात. दुसरीकडे, तीन वर्षांच्या अनुभवाची एक मुलगी आहे. तिने त्याच महिनाअखेरीच्या कामाचा मोठा भाग ऑटोमेट करून टाकला. दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं.

मी शुक्रवारी संध्याकाळी तिला वरच्या खणात टाकलं आणि दादांना खालच्या. शेरा लिहिला, 'वाढीची शक्यता मर्यादित.' मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे आधी कबूल करते. उलट वाटलं की आपण धीट निर्णय घेतला. फॉर्म मंगळवारपर्यंत बदलता येणार होता. मी लॅपटॉप बंद केला आणि रात्रीच्या गाडीने गावी निघाले.

माझं गाव श्रीपूर. माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या जवळ. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि साखर कारखान्यामुळे आमचं गाव नकाशावर आलं. अजूनही गावाचं कॅलेंडर जानेवारीपासून सुरू होत नाही, गळीत हंगामापासून होतं. लग्न, घरबांधणी, शाळेची फी, सगळं 'सीझन सुरू झाल्यावर' किंवा 'पट्टा पडल्यावर'. अण्णांनी जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात उभी हयात काढली. पॅनवर होते. पॅन म्हणजे जिथे उसाच्या रसाचा पाक उकळून साखरेचा दाणा धरतात तो भाग. पॅनमन पाकाचा थेंब काचेवर घेतो, उजेडात धरतो आणि दाणा बघून सांगतो, अजून किती वेळ ठेवायचं ते. हे कुठल्या कॉलेजात शिकवून येत नाही. अण्णा आजही चहात साखर टाकताना ती आधी तळहातावर घेऊन बघतात. आईला त्याचा वैताग येतो.

रविवारी सकाळी अण्णा पोथी घेऊन बसतात आणि मी घरी असले की वाचायचं काम माझं. त्या रविवारी नेमका हा अध्याय निघाला. मी मनात म्हटलं, झालं, आता तासभर यादी.

वाचता वाचता एका ठिकाणी नारद विचारतात: जी माणसं कामात मुरलेली आहेत, तुझं हित बघणारी आहेत, तुझ्याशी लागून राहिलेली आहेत, त्यांना त्यांचा दोष सापडल्याशिवाय कामावरून दूर तर करत नाहीस ना?

मी थांबले. अण्णा म्हणाले, "वाच की पुढं."

मग मी त्यांना शुक्रवारचं सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "त्याची चूक काय घावली तुला?"

मी बेल कर्व्ह समजावायला लागले. कुणीतरी खाली असावंच लागतं, असं म्हटलं. अण्णा म्हणाले, "ते झालं कंपनीचं. चूक काय घावली?"

सांगता येईना.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तुमच्यातले बरेच जण त्या तीन वर्षांच्या मुलीच्या जागी असतील आणि एव्हाना चिडले असतील. 'म्हणजे नुसतं खुर्ची उबवली म्हणून बक्षीस द्यायचं का?' असं तुम्ही म्हणाल. नाही. नारदही तसं म्हणत नाहीत. याच अध्यायात ते आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो तुमच्या बाजूचा आहे: जो माणूस स्वतःच्या हिमतीने काम उजळून दाखवतो, त्याला जास्त मान मिळतो ना? त्याचं अन्न-वेतन वाढतं ना? इथे वर्षांचा उल्लेखच नाही. आज आला आणि काम उजळलं, तर आज वाढवा.

मी अध्याय परत मागे नेऊन वाचला. मला जे दिसलं ते असं. नारद या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रश्नांत विचारतात. मुरलेल्या माणसाला दोषाशिवाय काढू नये, हा एक प्रश्न. काम उजळणाऱ्याला वाढ मिळावी, हा दुसरा. एकाचं दिलं म्हणून दुसऱ्याचं कापावं लागतं, असं कुठेच येत नाही. हे दोन्ही एका रकान्यात कोंबले ते आम्ही. एका मुलीला वर न्यायचं म्हणून एका माणसाला खाली ढकलायचं, हा हिशेब आमच्या फॉर्मचा.

आणि गंमत बघा. उत्तम, मध्यम आणि अधम अशी माणसांची प्रतवारी त्या अध्यायातही आहे. म्हणजे बेल कर्व्हचे तीन खण म्हणा ना! पण नारदांचा प्रश्न असा आहे की ही प्रत ओळखून ज्याला जे झेपेल ते काम तू त्याला देतोस ना? प्रत ओळखायची ती काम जुळवण्यासाठी. खालच्याला बाहेर काढण्यासाठी नाही.

अण्णांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण 'सिनिऑरिटी' हा शब्द मी ज्या अर्थाने वापरते तो त्यांचा अर्थ नाही.

अण्णा आधी तेरा हंगाम हंगामी कामगार होते. साखर कारखाना वर्षभर गाळप करत नाही. ऊस असतो तोवर चार-सहा महिने चालतो आणि मग मिल थांबते. हंगामी माणूस घरी. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला पुन्हा बोलावणं येणार की नाही, हा घरातला सगळ्यांत मोठा प्रश्न. हे बोलावणं सेवाज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे यायचं. कोण कधीपासून कामाला आहे त्या क्रमाने नावं. अण्णा सांगतात, यादीत आपला नंबर कितवा हे कामगाराला पोराच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ असायचं. एका वर्षी कुणाच्या तरी पाहुण्याला मध्ये घुसवायचा प्रयत्न झाला होता. यादीवर बोट ठेवून सगळे उभे राहिले. पाहुण्याला शेवटचा नंबर मिळाला.

"यादी हाय म्हणून आपण हाय," अण्णा म्हणतात. "साहेबाला मी आवडतो का न्हाय, याच्यावर माझी भाकरी न्हवती."

मी सिनिऑरिटी म्हणजे आळशी लोकांची ढाल समजत होते. ज्याच्या मागे कुणी मोठा माणूस नाही त्याच्यासाठी ती यादी ढाल होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आपल्या कायद्यातही हा विचार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचा नियम असा होता की सर्वसाधारणपणे त्या प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जाईल, आणि मालकाला वेगळं करायचं असेल तर कारण लिहून ठेवावं लागेल. पुन्हा अण्णांचाच प्रश्न: चूक काय घावली?

ग्रॅच्युइटीचंही तसंच. तरुण मंडळींना ती फक्त सॅलरी स्लिपवरची एक ओळ वाटते, म्हणून थोडं सांगते. १९७२ च्या कायद्याचं सूत्र असं होतं: निदान पाच वर्षं सलग सेवा, आणि मग भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचे दिवस २६ धरायचे. समजा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये, तर दिवसाचे १,००० आणि वर्षाचे १५,०००. एकवीस वर्षं कायम नोकरी झाली असेल तर ३,१५,०००. हंगामी आस्थापनेत फक्त हंगामापुरतं काम असेल तर पंधराच्या ऐवजी हंगामाचे सात दिवस. तेरा हंगामांचे या हिशेबाने ९१,०००. अण्णांनी हा हिशेब निवृत्तीआधी वहीच्या पाठीमागे इतक्या वेळा केला होता की पान फाटलं होतं. त्यात साहेबाचा शेरा कुठेच येत नाही. फक्त दिवस मोजायचे.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही हे आहे. शुक्रनीतीत म्हटलं आहे की ज्याने चाळीस वर्षं सेवा केली त्याला पुढे काम न करता आयुष्यभर अर्धं वेतन द्यावं. सेवकाला दरवर्षी वेतनाचा आठवा भाग बक्षीस द्यावा, असंही त्यात आहे. (हा ग्रंथ कधीचा यावर अभ्यासकांत बराच वाद आहे. काही जण तो फार अलीकडचा मानतात. पण विचार चांगला आहे, तो घ्यायला हरकत नाही.)

आई इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मला बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळाली. म्हणून काय मी मुख्याध्यापक झाले का? पगार वाढला, वर्ग तोच राहिला. त्यात कुणाचं काय गेलं?"

मला वाटतं आईने एका वाक्यात जे सांगितलं त्यासाठी मला अर्धा तास लागला असता. वर्षांचा मान ठेवणं वेगळं आणि वर्षांवरून पद देणं वेगळं. दादांना मॅनेजर करा असं कुणीच म्हणत नव्हतं, ते स्वतःही नाही.

नारदांचं सगळंच मी डोळे मिटून घेत नाही, हेही सांगून ठेवते. याच अध्यायात वाडवडिलांपासून सेवेत असलेल्या अमात्यांना कामावर नेमतोस ना, असाही प्रश्न आहे. बापाची नोकरी पोराला, ही पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्यामुळे बाहेर राहिलेली हुशार मुलंही पाहिली आहेत. तो प्रश्न त्या काळाचा. मी तो तिथेच ठेवते.

तरुणांसाठी महाभारतात दुसरी एक गोष्ट आहे. वनपर्वातली अष्टावक्राची. जनकाच्या यज्ञाच्या दारावर द्वारपाल त्याला अडवतो. आत फक्त वृद्ध आणि विद्वान जातील, तू पोरगा आहेस, असं म्हणतो. अष्टावक्र त्याला सुनावतो की केस पिकले म्हणून कुणी मोठा होत नाही. लहान असून ज्याला ज्ञान आहे त्यालाच देव मोठा मानतात. हा प्रसंग आपल्या पिढीला फार आवडतो. मलाही आवडतो. शुक्रवारी फॉर्म भरताना हाच माझ्या डोक्यात होता, इतकंच की मी स्वतःला अष्टावक्राच्या बाजूची समजत होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. अष्टावक्र त्या सभेत कशासाठी गेला होता? त्याचे वडील कहोड वादात हरले होते आणि बंदीने त्यांना पाण्यात बुडवलं होतं. मुलगा आत जातो, बंदीला हरवतो, आणि बुडवलेले सगळे परत येतात. त्याचे वडीलसुद्धा. हुशार पोराच्या विजयाने जुनी माणसं पाण्याबाहेर येतात, असा तो शेवट आहे. आपण नेहमी दारावरचा संवाद सांगतो आणि हा शेवट विसरतो. निदान मी विसरले होते.

दुपारी जेवण झाल्यावर अण्णांशी वारीचा विषय निघाला, कारण आमच्याकडे कुठलाही विषय शेवटी वारीवर जातो. आमच्या तालुक्यातून दोन्ही पालख्या जातात. तुकोबांची अकलूजवरून बोरगावला मुक्कामाला येते, माउलींची माळशिरस-वेळापूर मार्गाने. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि प्रत्येकीला नंबर. नवी दिंडी कितीही मोठी असो, कितीही सुंदर भजन करत असो, जुन्या दिंडीचा नंबर तिला मिळत नाही. पण जुनी दिंडी पुढे चालते म्हणून तिला पंढरपुरात जास्तीचा विठ्ठल भेटत नाही!

आणखी एक गोष्ट आहे, ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती होते. पालखीभोवती सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. हजारो माणसांच्या शांततेत तेवढाच आवाज. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात आणि गाऱ्हाणं ऐकतात. ते ऐकल्याशिवाय आरती पुढे जात नाही.

मला दादा आठवले. ते मीटिंगमध्ये बोलत नाहीत हे मी त्यांच्या विरुद्ध लिहिलं होतं. मी कधी थांबून ऐकलं होतं का?

सोमवारी ऑफिसात गेले. आधी फॉर्म उघडला नाही. दादांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेले आणि शुक्रवारी काय केलं ते सांगितलं. माझा आवाज कापत होता. ते रागावले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मला अंदाज होता. गेल्या वर्षीही माझंच नाव येणार होतं, तेव्हाच्या लीडने शेवटच्या दिवशी बदललं." मग म्हणाले, त्या मुलीने जे ऑटोमेट केलं त्यात दोन जागा कच्च्या आहेत, आर्थिक वर्ष बदलताना मोडतील. महिनाभर तिला सांगायचं म्हणत होते, पण तिला वाटेल मी जळतो, म्हणून गप्प बसलो.

त्याच दिवशी दुपारी दोघांना एकत्र बसवलं. तिने एक जागा ताबडतोब मान्य केली. दुसरीवर वाद घातला आणि तिचं बरोबर निघालं. दादा हसले. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण जुना माणूस प्रत्येक वेळी बरोबर असतो अशी गोष्ट मला लिहायची नव्हती.

फॉर्ममध्ये मी मुलीचं वरचं रेटिंग तसंच ठेवलं. दादांना मधल्या खणात आणलं. खालचा खण रिकामा ठेवला. सिस्टीमने तो घेतला नाही, लाल अक्षरांत परत पाठवला. मग मॅनेजरांना फोन केला. ते म्हणाले, कुणाचं तरी नाव द्यावं लागेल. मी म्हटलं, दोष सापडलेला कुणी नाही. त्यांनी बुधवारपर्यंत वेळ दिला. बुधवारी माझं उत्तर तेच होतं.

शेवटी वरूनच काहीतरी जुळवाजुळव झाली. आमच्या टीमला खालचा खण भरावा लागला नाही, दुसऱ्या एखाद्या टीमला दोन भरावे लागले असतील. त्याचं मला अजून वाईट वाटतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दादांना तुटपुंजी का होईना पगारवाढ मिळाली. मुलीला चांगली मिळाली, तरी तिच्या अपेक्षेपेक्षा कमी, आणि तिने ते मला तोंडावर सांगितलं. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर शेरा आला: कठोर निर्णय घेण्यात कमी पडते.

तो मी अण्णांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "पगार कापला का?"

"नाही, वाढ कमी झाली."

"मग ठीक हाय. आषाढीला ये."

उद्या याच अध्यायातले तळ्यांविषयीचे आणि शेतीविषयीचे प्रश्न घेऊ. शेती नुसत्या पावसावर तर सोडली नाहीस ना, असं नारद युधिष्ठिराला विचारतात. सोलापूरकरांनी चुकवू नये.

राम कृष्ण हरी.